सरकार मध्ये पडत नव्हतं, हे कोणी सांगितलं?

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याला ७० तास काम करावं की ९० तास, यावरून त्याआधीपासून वाद चालूच होता. या वादात अमेरिकेचा दाखला हमखास निघतो. यादवी युद्ध संपलं तेव्हा तो शेतकऱ्यांचा देश होता, १९०० साली जगातली सर्वांत मोठी औद्योगिक सत्ता झाला. कारण काय, तर माणसं बारा-बारा तास राबली, कामगार कायद्यांची कटकट नव्हती आणि सरकार मध्ये पडत नव्हतं. याला उत्तर देणारे म्हणतात की ती सगळी लूट होती, सरकारने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं आणि कामगार भुकेकंगाल झाला. एकाला ज्याचं कौतुक वाटतं त्याचाच दुसऱ्याला संताप येतो, एवढाच फरक. सरकार लांब उभं होतं हे दोघांनाही मान्य.

मला तेच मान्य नाही. त्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकी सरकार उद्योगात जेवढं गुंतलेलं होतं तेवढं आधी क्वचितच असेल. जमिनी त्याने दिल्या, आयातीवर भिंती त्याने उभारल्या, संप त्याने मोडले, आणि ज्या राज्यांनी कामगारांसाठी कायदे केले ते कायदे त्याच्याच न्यायालयांनी रद्द केले. कायदा भरपूर होता, फक्त तो एकाच पक्षाच्या हाती होता. आणि अमेरिकेतला कामगारलढा इतका रक्ताळला त्याचं कारण भूक कमी आणि बंद केलेली दारं जास्त, असं माझं म्हणणं आहे.

आधी जमिनीचं बघू. १८५० ते १८७१ या काळात रेल्वे कंपन्यांना केंद्र सरकारने मिळून सुमारे १३ कोटी एकर जमीन दिली. महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा प्रदेश झाला हा. युद्धानंतर ३५,००० मैलांच्या आसपास असलेलं रेल्वेचं जाळं शतक संपताना १,९०,००० मैलांच्या पुढे गेलं, त्यातला पश्चिमेकडचा मोठा भाग या जमिनीच्या तारणावर उभा राहिला. या रुळांना लागणारं पोलाद ब्रिटनहून स्वस्तात येऊ नये म्हणून जबर आयात शुल्क होतं. १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने शुल्कपात्र मालावरचा सरासरी दर पन्नास टक्क्यांच्या जवळ नेला. बाहेरून माल येताना सरकारी पहारा हवा आणि बाहेरून मजूर येताना दार सताड उघडं हवं, ही मागणी कारखानदारांचीच होती. यात गैर काही नाही, उद्योग उभारायला निघालेला देश संरक्षण देतोच. मात्र संरक्षण घेऊन वाढलेल्या माणसाने 'आम्ही आपल्या हिमतीवर वाढलो' असं नातवंडांना सांगू नये.

आता दुसऱ्या बाजूच्या जमेचं. लूट-लूट म्हणणाऱ्यांना आकडे साथ देत नाहीत. १८६० ते १८९० या काळात कारखान्यातली खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा करून उरणारी, जवळजवळ दीडपट झाली असा अर्थशास्त्राच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. माल स्वस्त झाला: पोलादी रुळाचा भाव १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला टनाला शंभर डॉलरच्या वर होता, तो १८९८ पर्यंत अठरा डॉलरच्या आसपास आला. १८७० ते १९०० या तीस वर्षांत सव्वा कोटीच्या जवळपास माणसं समुद्र ओलांडून तिथे आली. लोक नरकाचं तिकीट काढून बोटीत बसतात का? पिट्सबर्गची भट्टी कशीही असली तरी गॅलिशियातल्या किंवा सिसिलीतल्या शेतापेक्षा ती बरी वाटली म्हणून ते आले. अँड्र्यू कार्नेगीने पोलाद स्वस्त केलं हेही खरं, आणि तो स्वतः स्कॉटलंडहून आलेल्या विणकराचा मुलगा होता हेही खरं.

पण हे सगळं मान्य केलं की एक कोडं समोर येतं, आणि ते या चर्चेत कोणीच सोडवत नाही. मजुरी युरोपापेक्षा जास्त, पुरुषांना मताधिकार आधीपासून, जन्मावरून ठरलेले सरंजामी मानपान कमी. मग संपात माणसं मरण्याचं प्रमाण अमेरिकेतच इतकं का? ब्रिटनमध्ये, जिथे कामगार संघटनांना १८७१ सालीच कायदेशीर मान्यता मिळाली, तिथे या काळात अमेरिकेसारख्या चकमकी शोधून सापडत नाहीत. भुकेने माणूस बंडखोर होतो हे सरधोपट उत्तर इथे चालत नाही.

१८७७ च्या जुलैपासून सुरुवात करावी लागते. १८७३ च्या आर्थिक पडझडीने बुडवलेल्या रेल्वे कंपन्या एकामागून एक पगार कापत होत्या. बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीने आणखी दहा टक्के कपात केली आणि १६ जुलैला वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गमध्ये गाड्या थांबल्या. बघता बघता संप डझनभर राज्यांत गेला. पिट्सबर्गमध्ये स्थानिक मिलिशिया, म्हणजे राज्याचं हंगामी सैन्य, आपल्याच शेजाऱ्यांवर बंदूक रोखायला तयार होईना, तेव्हा फिलाडेल्फियाहून पलटण आणली. तिने २१ जुलैला गर्दीवर गोळ्या झाडल्या, वीसच्या आसपास माणसं मेली, आणि रात्री संतापलेल्या शहराने रेल्वेची शंभरावर इंजिनं आणि हजारावर डबे जाळले. अध्यक्ष हेज यांनी केंद्राची फौज पाठवली. देशभरात मिळून शंभरच्या आसपास माणसं मेली.

गोळीबार सगळे सांगतात. त्याच संपात न्यायालयात जे घडलं ते कमी सांगितलं जातं आणि माझ्या मते तेच जास्त टिकलं. दिवाळखोर झालेल्या अनेक रेल्वे तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या ताब्यात होत्या. म्हणून काही न्यायाधीशांनी असा अर्थ काढला की अशा रेल्वेचा संप म्हणजे न्यायालयाचा अवमान. ज्युरी नाही, लांबलचक खटला नाही. न्यायाधीश सांगेल तो गुन्हा आणि तोच देईल ती शिक्षा. युक्ती इतकी सोयीची निघाली की पुढे दिवाळखोरीचीही गरज उरली नाही. मनाई हुकूम मिळवायचा, तो मोडला की अवमान, अवमान झाला की तुरुंग. संपाला गुन्हा ठरवणारा कायदा विधिमंडळाने केलेलाच नव्हता, आणि तरी संप हा गुन्हा झाला.

मग कामगारांनी मतपेटीच्या मार्गाने जावं, हा रास्त सल्ला होता आणि त्यांनी तो ऐकलाही. न्यूयॉर्कने चाळीच्या कोंदट खोल्यांमध्ये सिगार वळायला बंदी करणारा कायदा केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८५ साली तो रद्द केला, कारण म्हणे घरात बसून काम करण्याचं स्वातंत्र्य त्याने हिरावलं. पेनसिल्व्हेनियाने कायदा केला की मजुरी कंपनीच्या दुकानातल्या मालात नको, रोख पैशात द्या. १८८६ साली तोही गेला, आणि कारण असं की अशा कायद्याने कामगाराच्या कर्तेपणाचा अपमान होतो. इलिनॉयने कारखान्यातल्या बायकांसाठी आठ तासांचा दिवस ठरवला; १८९५ साली तो गेला, करार करण्याचं त्या बायकांचं स्वातंत्र्य अबाधित राहावं म्हणून. या स्वातंत्र्याच्या बाजूने चौदाव्या घटनादुरुस्तीचा आधार वारंवार घेतला गेला. ती दुरुस्ती १८६८ ची, मुक्त झालेल्या गुलामांना नागरिक म्हणून संरक्षण देण्यासाठी केलेली. गुलामी मोडणाऱ्या ज्या अमेरिकनांना महात्मा फुल्यांनी १८७३ साली आदराने आपलं पुस्तक अर्पण केलं, त्यांच्या त्यागातून आलेलं कलम वीस वर्षांत कंपन्यांच्या वकिलांचं हत्यार व्हावं, याहून कडवट विनोद कायद्याच्या इतिहासात मला तरी ठाऊक नाही.

होमस्टेडकडे मात्र जरा थांबून बघायला हवं, कारण दोन्ही बाजूंची सोपी उत्तरं तिथे अडकतात. पिट्सबर्गजवळ मोनोंगाहेला नदीकाठी कार्नेगीचा हा कारखाना. १८९२ साली तिथले कुशल कामगार गरीब नव्हते. कित्येकांची स्वतःची घरं होती. त्यांची मजुरी पोलादाच्या बाजारभावाशी बांधलेली असे, आणि भाव कितीही पडला तरी एक तळ ठरलेला असे: टनाला २५ डॉलर. व्यवस्थापक हेन्री क्ले फ्रिक याला तो तळ २२ वर आणायचा होता. घासाघीस झाली. फ्रिक २३ वर आला, संघटना २४ वर आली. अंतर राहिलं एका डॉलरचं. एका डॉलरसाठी कोणी कारखान्याभोवती उंच कुंपण घालून त्यात बंदुकीची भोकं ठेवतो का? पिंकर्टन कंपनीचे ३०० सशस्त्र भाडोत्री रात्रीच्या अंधारात पडावांतून नदीमार्गे आणतो का? मजुरी हे निमित्त होतं. फ्रिकला संघटनाच नको होती. ६ जुलैला दिवसभर किनाऱ्यावर लढाई झाली, दोन्हीकडची मिळून दहाच्या आसपास माणसं मेली, पिंकर्टनवाले शरण आले. मग गव्हर्नरने मिलिशियाचे ८,००० च्या वर जवान पाठवले, त्यांच्या पहाऱ्यात कारखाना नव्या मजुरांनिशी सुरू झाला आणि नोव्हेंबरात संप संपला. संपाच्या पुढाऱ्यांवर पेनसिल्व्हेनिया राज्याविरुद्ध राजद्रोहाचे आरोप ठेवले गेले. ज्युरीने कोणालाही दोषी ठरवलं नाही, पण तोवर खटल्यांच्या खर्चात संघटना बुडाली होती.

कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. सहा वर्षांपूर्वी त्यानेच लिहिलं होतं की कामगारांचा एकत्र येण्याचा हक्क कारखानदारांच्या तशाच हक्काइतका पवित्र आहे. त्याला ढोंगी म्हणण्यात मला फारसा रस नाही. माणूस विश्वासाने लिहितो आणि हिशेबाने वागतो. महत्त्वाचं हे की ३,८०० कामगारांपैकी संघटनेचे सभासद जेमतेम ८००, आणि तरी उरलेले तीन हजार, त्यांत स्लोव्हाक आणि हंगेरीहून आलेले हमाल-मजूर, त्यांच्यासोबत उभे राहिले. त्यांना मजुरीच्या त्या तळाचा काही लाभ नव्हता. आपल्या कामाचे तास, गती, माणसं याबद्दल बोलायला समोर कोणीतरी असावं, एवढंच त्यांना हवं होतं. संघटना गेल्यावर काय झालं ते पोलाद धंद्यात पुढे तीस वर्षं दिसलं: बारा तासांची पाळी, आणि दर पंधरवड्याला दिवसपाळी-रात्रपाळी बदलताना सलग चोवीस तास.

यावर समोरून येणारा खरा प्रश्न असा: ती पाळी होती म्हणूनच तर पोलाद वाढलं ना? १८८० साली साडेबारा लाख टन, आणि १९०० साली एक कोटीच्या वर. याला उत्तर म्हणून मी पोलादाचंच नाव घेईन. मे १९२३ मध्ये या धंद्याच्या समितीने जाहीर केलं की आठ तासांची पाळी अशक्य आहे, साठ हजार जास्तीची माणसं लागतील. अध्यक्ष हार्डिंग यांचा आणि लोकमताचा रेटा वाढला तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सुरू झाली. धंदा बसला नाही. १९२९ साली उत्पादन १९२३ पेक्षा बरंच जास्त होतं.

याहून स्वच्छ उदाहरण रेल्वेचं आहे. मालगाडीचे दोन डबे जोडायचे तर ब्रेकमनने त्यांच्या मधे उभं राहून कडी हाताने धरायची आणि खिळा टाकायचा. हात काढायला क्षणाचा उशीर झाला की बोटं गेली. ब्रेक लावायचा तर धावत्या गाडीच्या टपावरून, बर्फ असो की पाऊस, डब्यामागून डबा ओलांडत जायचं. १८८९ च्या जूनला संपलेल्या वर्षात सुमारे दोन हजार रेल्वे कामगार कामावर मेले आणि वीस हजार जखमी झाले. यावर उपाय सापडला नव्हता असं नाही. वेस्टिंगहाऊसचा हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक १८६९ चा, जॅनीच्या आपोआप जुळणाऱ्या कडीचं पेटंट १८७३ चं. मग वीस वर्षं मालगाड्यांना ते का लागले नाहीत? कारण न्यायालयांनी १८४२ पासून ठरवून टाकलं होतं की मजुरी घेतली म्हणजे धोकाही पत्करला आणि सोबत्याच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. बोट तुटलेला माणूस फुकट पडत होता, कडी विकत घ्यावी लागत होती. लोरेंझो कॉफिन नावाच्या आयोवातल्या एका हट्टी शेतकऱ्याने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि मार्च १८९३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दोन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. मुदती वाढवून मागत कंपन्यांनी १९०० उजाडवलं, पण डबे जोडताना होणारे अपघात झपाट्याने घटले. आणि रेल्वे? लांब, जड, वेगवान गाड्या शक्य झाल्या त्या याच ब्रेकमुळे. कायदा नसल्यामुळे वेग आला म्हणणाऱ्यांनी या एका कडीचा इतिहास तरी वाचावा.

त्याच सुमारास जर्मनी काय करत होती? बिस्मार्कने समाजवादी पक्षावर बंदी घातली होती, तो काही कामगारांचा कैवारी नव्हे. पण त्यानेच १८८३ साली आजारविमा, १८८४ साली अपघातविमा आणि १८८९ साली म्हातारपणाचं निवृत्तिवेतन आणलं, मालकांकडून वर्गणी घेऊन. या ओझ्याखाली जर्मन उद्योग वाकायला हवा होता. १८९३ साली जर्मनी पोलादात ब्रिटनच्या पुढे गेली.

कामगारांच्या बाजूचं जे काळं आहे तेही नीट मांडायला हवं, कारण आपल्याकडचे डावे लेखक तिथे घाईने पान उलटतात. १८८२ साली चिनी मजुरांना देशबंदी करणाऱ्या कायद्यामागे कामगार संघटनांचा मोठा जोर होता. १८८५ साली वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्जला गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी खाणकामगारांना ठार मारलं. युजीन डेब्सच्या रेल्वे युनियनने, त्याचा स्वतःचा विरोध असताना, काळ्या कामगारांना सभासदत्व नाकारलं. होमस्टेडच्या संपात एका अराजकवाद्याने फ्रिकवर गोळ्या झाडल्या, आणि आठ तासांच्या दिवसासाठी चाललेल्या आंदोलनात शिकागोच्या हेमार्केट चौकात ४ मे १८८६ ला पोलिसांवर बॉम्ब कोणी टाकला हे आजही ठाऊक नसलं तरी तो टाकला गेला हे खरंच. हे सारं गृहीत धरूनही विचारतो: यातून निष्कर्ष काय निघतो? चिन्यांना हाकलणाऱ्यांना सरकारने कायदा करून साथ दिली, आठ तास मागणाऱ्यांना फाशी. हेमार्केटनंतर चौघांना फासावर चढवलं, बॉम्ब त्यांनी टाकल्याचा पुरावा नसताना. १८९३ साली इलिनॉयचे गव्हर्नर अल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना सोडताना तो खटला अन्यायाचा होता असं लिहून ठेवलं आणि आपलं राजकीय भवितव्य घालवलं.

तेच अल्टगेल्ड वर्षभराने पुन्हा आडवे आले. जॉर्ज पुलमनने आपल्या डबे बांधण्याच्या कारखान्यात मजुरी पाव हिश्शाने कापली, पण त्याच्याच मालकीच्या गावातली घरभाडी तशीच ठेवली आणि भागधारकांचा लाभांशही. १८९४ च्या संपाला डेब्सच्या युनियनने साथ दिली तेव्हा शिकागोतून पश्चिमेकडची वाहतूक थांबली. अल्टगेल्डनी फौज मागितली नव्हती, उलट विरोध केला. तरी अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी ती पाठवली, टपालाचं कारण देऊन. सल्ला देणारे ॲटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी यांना एका रेल्वे कंपनीकडून मिळणारं मानधन त्यांच्या सरकारी पगाराहून मोठं होतं. मनाई हुकूम निघाला, डेब्स सहा महिने तुरुंगात. आता १८९५ सालचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवा. जानेवारीत: देशातल्या साखर शुद्धीकरणाचा ९८ टक्के धंदा एका कंपनीच्या हाती गेला तरी केंद्राला हात घालता येत नाही, कारण कारखानदारी म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे. मे महिन्यात: रेल्वेचा संप मोडायला केंद्राला पूर्ण अधिकार आहे, कारण तो आंतरराज्य व्यापारात अडथळा. सरकार मध्ये पडत नव्हतं?

मुंबईच्या वाचकाला यातली यंत्रणा अनोळखी वाटू नये. १९८२ चा गिरणी संप दत्ता सामंतांच्या आडमुठेपणाच्या खाती टाकून आपण मोकळे होतो. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला प्रतिनिधित्व दिलं होतं, ती कामगारांना नकोशी झाली तरी सुटायला वाट नव्हती, आणि हा कायदा रद्द करा ही संपातली एक मागणी होती. गिरण्या त्या संपामुळेच बुडाल्या की आधीच बुडत होत्या, तो वेगळा वाद.

अमेरिकेनेच दुसरी वाट चालून पाहिली ती १९०२ साली. पेनसिल्व्हेनियातल्या दगडी कोळशाच्या खाणींत दीड लाखाच्या आसपास कामगार पाच महिने संपावर होते आणि थंडी तोंडावर आली होती. खाणमालकांचा पुढारी जॉर्ज बेअर याने एका पत्रात लिहिलं होतं की कामगारांच्या हिताची काळजी देवाने ज्या ख्रिस्ती सज्जनांकडे मालमत्ता सोपवली आहे तेच घेतील. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या वेळी फौज संपकऱ्यांवर सोडली नाही; गरज पडली तर खाणीच फौजेकडून चालवीन असं सुचवलं. मालक लवादाला कबूल झाले, पण एका अटीवर: आयोगावर कामगार संघटनेचा माणूस बसणार नाही. ठरलेल्या जागांत एक जागा 'नामवंत समाजशास्त्रज्ञा'ची होती. रूझवेल्टनी तिथे रेल्वे कंडक्टरांच्या संघटनेचा प्रमुख ई. ई. क्लार्क याला समाजशास्त्रज्ञ म्हणून बसवलं, आणि मालकांनी मान डोलावली. निवाड्यात बऱ्याच जणांना दहा टक्के वाढ आणि नऊ तासांचा दिवस मिळाला. संघटनेला औपचारिक मान्यता मिळाली नाही. त्या खाणींतलं उत्पादन १९१७ साली दहा कोटी टनांच्या आसपास, आजवरच्या उच्चांकावर गेलं.